खरड छाटणी

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी इमारत उभी आहे. पोर्तुगीज अमलात ही जागा ख्रिस्ती धर्मगुरूंकडे होती. इंग्रजांनी ती ताब्यात घेतली, पुढे तिथे मुंबईचे गव्हर्नर राहू लागले आणि प्लेगच्या साथीत, १८९९ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांची लशीची प्रयोगशाळा तिथे आली. त्याच परळमध्ये १९३१ साली जमिनीतून शिवाची भव्य शिळा निघाली. पाचव्या-सहाव्या शतकातली ही मूर्ती आज बारादेवीच्या देवळात आहे. परळच्या मातीने श्रद्धांचे असे बरेच थर पाहिले. वास्तू हातोहात बदलल्या, वस्त्या उठल्या, गिरण्या आल्या आणि गेल्या. म्हणून परळच्या आसपास ख्रिस्ती श्रद्धेने काय रुजवलं ते शोधायचं असेल, तर दगडविटांचा फार उपयोग होत नाही. माणसांकडे बघावं लागतं.

रुजण्याची गोष्ट निघाली की फळाची निघतेच, आणि मराठी चर्चमध्ये ‘फळ’ हा शब्द सतत कानावर पडतो. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, कुणी साक्ष देतं तेव्हा, संडे स्कूलच्या बक्षीस समारंभात, पाळकाच्या निरोपाच्या भाषणात. सेवेला फळ आलं, जीवन फळ देणारं व्हावं, आत्मिक वाढ व्हावी, अशी वाक्यं इतकी सवयीची झाली आहेत की त्यांचा नेमका अर्थ काय, हे विचारलं तर बरेच जण अडखळतील. ‘फळ’ म्हणजे किती जणांनी बाप्तिस्मा घेतला? दानपेटीत किती जमलं? की रविवारच्या उपासनेला किती बाकं भरली? मिशनच्या जुन्या अहवालांत तरी हिशेब बहुतेक असाच मांडलेला दिसतो.

तो हिशेब मुंबईत फार जमला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना उभा राहिला. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने ते गेले, तेव्हा सांगण्याजोगे धर्मांतरित जवळपास नव्हते. पुढे १८४८ मध्ये जॉर्ज बोवेन आला. हा माणूस मला या सगळ्या मंडळींत सर्वांत विलक्षण वाटतो. त्याने मिशनचा पगार सोडला, देशी वस्तीत एका साध्या खोलीत राहिला, शिकवण्या करून पोट भरलं, ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र वर्षानुवर्षं चालवलं आणि रोज रस्त्यावर उभा राहून मराठीत उपदेश केला. चाळीस वर्षं हे चाललं. माझ्या बोलण्याने अमुक माणूस ख्रिस्ताकडे आला, असं बोट दाखवायला त्याच्याजवळ फारसं कुणी नव्हतं. तरी १८८८ मध्ये तो गेला तेव्हा मुंबईत त्याला संत म्हणणाऱ्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक होते. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं.

म्हणजे अहवालाच्या रकान्यात बोवेनसमोर जवळपास शून्य लिहावं लागेल, पण बायबलच्या रकान्यात काय लिहायचं? ते ठरवायला बायबल फळाबद्दल काय म्हणतं, ते आधी पाहू.

मुख्य उतारे दोन. पहिला योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनानंतर, येशू शिष्यांशी बोलतो आणि स्वतःला द्राक्षवेल म्हणतो. शिष्य त्याचे फाटे, आणि पिता बागवान. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला यात लगेच जुन्या करारातलं काहीतरी आठवणार, कारण यशया संदेष्ट्याने इस्राएल राष्ट्रालाच द्राक्षमळा म्हटलं होतं, आणि त्या मळ्याला आंबट, रानटी द्राक्षं लागली म्हणून देवाची तक्रार मांडली होती. त्या पार्श्वभूमीवर येशूने स्वतःला वेल म्हणणं हा मोठा दावा होता. फाट्याने मात्र एकच करायचं: वेलीला धरून राहायचं. फळ काढण्याचा खटाटोप फाट्याकडे नाहीच.

दुसरा उतारा पौलाच्या गलतीकरांस पत्रातला, पाचव्या अध्यायातला. आत्म्याच्या फळात पौल नऊ गोष्टी मोजतो: माया, आनंद, मनाची शांती, सोशिकपणा, दया, चांगुलपणा, निष्ठा, सौम्यपणा आणि स्वतःवरचा ताबा. ही यादी संडे स्कूलची मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते, फळांच्या चित्रासकट. पण ज्या मंडळ्यांना ती लिहिली त्या काही संतांच्या नव्हत्या. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या गलतियातल्या त्या मंडळ्या सुंता करावी की नाही या वादावरून एकमेकांचे लचके तोडत होत्या. म्हणून या गोड यादीच्या आधी पौल एक कडू यादी देतो, आणि तिच्यात व्यभिचार, मूर्तिपूजा, दारू यांच्या बरोबरीने वैर, भांडणं, मत्सर, तट पाडणं हेही येतं. ज्या चर्चमध्ये कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीनंतर दोन घराणी एकमेकांशी बोलेनाशी होतात, त्या चर्चला हे पत्र अगदी नाव घालून लिहिल्यासारखं वाटावं.

आता या नऊ गोष्टी नीट पाहिल्या तर त्यातल्या बहुतेक एकांतात दिसूच शकत नाहीत. सोशिकपणा दिसायला त्रास देणारा माणूस लागतो. सौम्यपणा दिसायला आवाज चढवावासा वाटेल असा प्रसंग लागतो. डोंगरावर एकटा बसलेला माणूस सौम्य आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही कळणार नाही. परळच्या चाळीत मात्र ते चार दिवसांत कळायचं. सामायिक नळ, सामायिक गॅलरी, सामायिक संडास, एका खोलीत गावाकडून आलेली आठ-दहा माणसं. गिरणीची रात्रपाळी करून आलेल्याला झोपायचं असे आणि शेजारच्या खोलीत भजनी मंडळाचा टाळ चालू असे. परळच्या या गिरणगावात ख्रिस्ती कुटुंबं मूठभरच होती, पण त्या चाळींत कुणाच्या घरी काय शिजतं आणि कुणाच्या तोंडी काय येतं, हे लपून राहणं अशक्य होतं. तिथे बायबल हातात घेऊन फिरणाऱ्याला लोक त्याच्या वागण्यावरूनच तोलत. माझ्या मते आत्मिक वाढ तपासायला यापेक्षा कडक परीक्षक शोधून सापडणार नाही.

आता छाटणी. योहानाच्या त्याच अध्यायात बागवान फळ न देणारा फाटा काढून टाकतो आणि फळ देणारा फाटाही छाटतो, जास्त फळ यावं म्हणून. पॅलेस्टाईनमध्ये वेल हिवाळ्यात सुप्त असते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे तसं नाही. नाशिक, सांगली, तासगावच्या द्राक्षमळ्यांत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीत वेल जवळजवळ ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, मागे छाटतात. ज्याने पहिल्यांदाच पाहिलं त्याला वाटेल, या माणसाने आपला मळा मोडायला काढला. त्या छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, पण त्या फुटीवर फळ घेत नाहीत. तरी पुढच्या हंगामात घड किती लागणार, हे बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरतं. कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत, एप्रिल छाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, ऊन-पाणी-खत कसं मिळालं त्यावर घडाचा अंकुर आत तयार होतो. वरून डोळा नुसता डोळाच दिसतो. आत घड आहे की नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं, आणि हुशार बागाईतदार ऑक्टोबरच्या आधी काड्या तपासून घेतात. परळच्या कितीतरी गिरणी कामगारांचे भाऊबंद घाटावर होते, त्यामुळे ही गोष्ट त्यांना नव्याने सांगावी लागली नसती.

हे इतकं सविस्तर अशासाठी सांगितलं, की ख्रिस्ती माणसाच्या वाढीबद्दल आपल्या चर्चमध्ये जे बोललं जातं ते बहुधा ऑक्टोबरच्या छाटणीबद्दल असतं. बाप्तिस्मा, दृढीकरण, कन्व्हेन्शनमध्ये पुढे येऊन केलेला निश्चय. त्या वेळी घड दिसतात, फोटो निघतात. एप्रिलबद्दल कुणी बोलत नाही.

मराठीत एप्रिलची सर्वांत प्रामाणिक नोंद ठेवली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी, कीर्तनकार, संस्कृतचे जाणकार, आणि स्वभावाने अत्यंत अस्थिर. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोकणस्थ ब्राह्मण, नावाजलेला कवी, आता ख्रिस्ती. त्या वर्षीच्या अहवालात हे नाव किती ठळक लिहिलं गेलं असेल, ते सांगायला नको.

घरी मात्र काय झालं? लक्ष्मीबाई कोसळल्या. त्या वाढल्या होत्या कडकडीत सोवळ्याच्या घरात. त्यांच्या वडिलांना विटाळाचा इतका धसका होता की बाजारातून आणलेली वस्तू न वस्तू, मीठसुद्धा, धुऊन घेतली जाई. अशा मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. त्या आपल्या लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळकांच्या नव्या श्रद्धेचं पहिलं फळ घरच्यांना कडूच लागलं, आणि हे मान्य करायला कुणाही ख्रिस्ती माणसाने लाजू नये.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला टिळकांजवळ आल्या. आल्या त्या आपलं सोवळंओवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्या बाप्तिस्म्याची घाई केली नाही. मग एका टप्प्यावर लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला, की जाती माणसांनी केल्या असतील तर त्या पाळायच्या कशाला? त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. मनात एकदम काहीतरी तुटावं तसा तो क्षण नव्हता. आधी कितीतरी दिवस आत काहीतरी तयार होत होतं. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर. म्हणजे अहवालात एक आकडा वाढण्याच्या आधीच मोठा बदल घडून गेला होता.

टिळकांचं काय? ते बदलले, पण सरळ रेषेत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांत टिळकांचा संताप, त्यांचं न सांगता घरातून निघून जाणं, हातातला पैसा कुणालाही देऊन टाकणं, हे बाप्तिस्म्यानंतरचंही सगळं आलं आहे. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या या बाईने त्यातलं काही झाकलं नाही, आणि काही सजवलंही नाही. हसत हसत लिहिलं. मिशनच्या चरित्रांमध्ये जे सापडत नाही ते तिच्या पानांत सापडतं: रागीट माणूस बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी शांत होत नाही, पण तो आपल्या रागाशी पुन्हा पुन्हा झगडतो, आणि वर्षं गेल्यावर घर बदललेलं असतं. त्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर पोरकी मुलं वाढली. त्याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी व्हावं अशी त्या घराच्या प्रेमाची अट नव्हती. पौलाच्या यादीतली माया आणि दया कुठे दिसते, असं विचारलं तर मी या घराकडे बोट दाखवीन.

टिळकांनी आणखी एक केलं, आणि ते परळच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. तोपर्यंत मराठी चर्चमध्ये बरीच गाणी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली असत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन आणि देशी पदं आधीच आणली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद यांना चर्चमध्ये हक्काची जागा दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. गिरणगावातल्या माणसाला हे लगेच उमगावं, कारण वारकरी भजन ही चाळीची रोजची भाषा होती. आज मराठी चर्चच्या बाकावर ‘उपासना संगीत’ असतं, त्यात टिळकांची पदं आहेत, आणि ती म्हणणाऱ्याला ती परकी वाटत नाहीत. श्रद्धा जिथे रुजते तिथल्या मातीची चव तिच्यात उतरते. टिळकांनी ती उतरू दिली.

आणि मग १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला राहिले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनरी मित्रांना हे पचायला जड गेलं. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर माणूस असं सगळं सोडतो, ही खरड छाटणीच होती, आणि ती बागवानाने केली की टिळकांच्या अस्थिर स्वभावाने, यावर आजही वाद घालता येईल. मला वाटतं दोन्हींनी. फळ मोजायला त्यांना फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं, आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पंडिता रमाबाईंनीही स्वतःबद्दल असंच काहीसं लिहून ठेवलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. नंतर त्यांनी कबूल केलं, की ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो फरक कळायला आठ वर्षं गेली. एवढ्या बुद्धिमान बाईला आठ वर्षं. बाप्तिस्म्यानंतर सहा महिन्यांत साक्ष द्यायला उभ्या केलेल्या तरुणाकडून आपण किती अपेक्षा करतो, त्याच्याशी हे ताडून पाहा.

मग वाढ होते कशी? मराठी चर्चच्या अनुभवातून सांगायचं तर फार गूढ काही नाही. रोज वचन वाचणं, तेही आपल्याला सोयीचे उतारे निवडून नव्हे, पुस्तक सलग. प्रार्थना, विशेषतः ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी. प्रभुभोजन, आणि त्याच्या आधी बोलणं तुटलेल्या माणसाशी बोलणं. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितला, तो नियम आपल्या चर्चमध्ये सर्वांत कमी पाळला जातो. मग दान आणि सेवा. आणि थांबणं. लूकच्या तेराव्या अध्यायात तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो, खणून खत घालायला. मार्कच्या चौथ्या अध्यायात शेतकरी झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतही नाही. अर्थात अंजिराच्या त्या गोष्टीत शेवटी कुऱ्हाड आहेच. बायबल मुदत देतं, कायमची सूट देत नाही.

मुंबईचे ईस्ट इंडियन कॅथलिक, ज्यांनी १८८७ मध्ये हे नाव घेतलं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. मुंबईतल्या बहुतेकांची शेतं केव्हाच गेली, इमारती उभ्या राहिल्या, पण लोंब्या आणल्या जातात. सणाला पीक दिसावं लागतं, ही माणसाची गरज आहे आणि तिच्यात चूक काही नाही. फक्त आपल्या चर्चमध्ये वर्षभर रोजच ऑक्टोबर असावा, असा हट्ट धरला की माणसं खोटी फळं दाखवू लागतात. चांगला अहवाल लिहायची सवय लागते. मग बोवेनसारखा माणूस आपल्याला अपयशी वाटतो.

आता परळमध्ये चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. दारं बंद असतात आणि शेजाऱ्याचं नाव पाटीवरून कळतं. आत्म्याची फळं लपवायला ही व्यवस्था फार सोयीची आहे. म्हणून परीक्षक शोधून ठेवावा लागेल: घरातलं माणूस, कामवाली, ऑफिसातला हाताखालचा. आपण वर्षापूर्वीपेक्षा जरा कमी तापट आहोत का, हे त्यांना विचारा, आणि उत्तर देताना ते अडखळले तर तेच उत्तर समजा.

आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचली नसतील तर हे बाजूला ठेवून आधी ती वाचा, संक्षिप्त नव्हे, संपूर्ण आवृत्ती.